जुनी रॅम आणि वैशाखाचे ऊन

सावरगावहून एका माउलीचे पत्र आमच्याकडे आले आहे. पत्र चार पानांचे आहे आणि त्यातील प्रश्न चार ओळींचा. उरलेल्या पानांत एका घराची व्यथा आहे. तिच्या अनुमतीने, नाव न देता, ती आम्ही येथे मांडीत आहोत. कारण तशीच व्यथा आज इतरही घरांतून असेल असे आम्हास वाटते.

जे वाचक त्या बाजूस कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सावरगाव व पांढुर्णा ही जाम नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात जी गोटमार होते ती या दोहोंमधलीच. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, घरची बोली मराठी, शेतात संत्री, आणि मोठ्या खरेदीसाठी शहर म्हणजे नागपूर. उन्हाळाही नागपूरसारखाच, वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांस जाऊन टेकतो. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचेच काम पडणार आहे.

माउली लिहिते, तिचा वीस वर्षांचा मुलगा लग्नकार्यात आणि सणासमारंभात छायाचित्रे काढतो व संगणकावर ती नीटनेटकी करून देतो. संगणक जुना, काम फार सावकाश चाले. मागच्या थंडीत त्याने नागपुरातून संगणकाच्या स्मृतीच्या दोन वापरलेल्या पट्ट्या आणल्या. या पट्ट्यांना बाजारात सर्व जण ‘रॅम’ म्हणतात. त्या बसवून, कोठूनसे शिकून, त्याने त्यांचा वेगही नेमून दिल्यापेक्षा वाढविला. नाताळात संगणक कसा धावला म्हणून सांगावे! घरात आनंद झाला. पुढे मे महिन्यात एका घरच्या मुलीच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाची छायाचित्रे त्याने संगणकात उतरविली, कॅमेऱ्यातील कार्ड पुसून टाकले, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो निम्म्या चित्रांवर रंगीत पट्टे उमटलेले, काही तर उघडतच नाहीत. मुलाने त्या घरी जाऊन खरे ते सांगितले व घेतलेले पैसे परत केले. पण गेलेला दिवस पैशाने परत येत नाही. वडील म्हणाले, “जुना माल घरात आणशील तर असेच होईल.” तेव्हापासून बापलेकांचे बोलणे कामापुरते उरले आहे. आता मुलगा पुन्हा पट्ट्या घेण्यासाठी पैसे मागतो आहे. द्यावेत की नाही, हा माउलीचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न अगदी शेवटच्या ओळीत आहे: त्या आधीच्या पट्ट्या कोणास विकून टाकल्या तर चालेल काय?

या प्रश्नांचे उत्तर देण्यापूर्वी ही स्मृती म्हणजे काय वस्तू आहे ते पाहू.

संगणकाच्या या स्मृतीची कल्पना आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड नावाच्या अभियंत्यास १९६६ साली सुचली व १९६८ साली त्यास तिचे पेटंट मिळाले. कल्पना अशी की, एकेक खूण साठविण्यासाठी विजेचा एकेक अतिसूक्ष्म साठा, म्हणजे कपॅसिटर, ठेवावयाचा. साठा भरलेला असेल तर एक, रिकामा असेल तर शून्य. आपल्या ओसरीवरचा मातीचा माठ डोळ्यांसमोर आणावा. भरलेला माठ एक, रिता माठ शून्य. आठ जीबीच्या एका पट्टीत असे सुमारे ६,८७० कोटी माठ असतात.

पण माठ झिरपतो. हा साठाही तसाच झिरपतो आणि क्षणार्धात रिता होऊ लागतो. म्हणून संगणक सारखा फिरून प्रत्येक माठ पाहतो व भरलेला असेल तो पुन्हा काठोकाठ भरतो. डीडीआर ३ व डीडीआर ४ या जातींच्या पट्ट्यांत ही फेरी ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला सुमारे सोळा वेळा, पुरी व्हावी असा नियम आहे. पट्टीतील चिपा ८५ अंशांपलीकडे तापल्या तर फेरी दुप्पट वेळा घालावी असाही नियम आहे. असे का? कारण उष्णतेने झिरपणे वाढते. थोडक्यात, तापलेली स्मृती लवकर विसरते.

याचा उलटा दाखला अमेरिकेत मिळाला. २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह संगणक बंद करून त्याची स्मृती किती वेळ टिकते ते पाहिले. एरवी ती काही सेकंदांत पुसली जाई. पण धूळ उडविण्याच्या फवाऱ्याची डबी उलटी धरून पट्टी शून्याखाली पन्नास अंशांपर्यंत गार केली, तेव्हा वीज नसतानाही मजकूर कित्येक मिनिटे जशाचा तसा राहिला. गारव्यात स्मृती टिकते आणि उष्णतेत ओसरते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आता वेग वाढविण्याची गोष्ट. इंग्रजी नावच रूढ आहे, ओव्हरक्लॉकिंग. प्रत्येक जातीच्या रॅमसाठी जगातील कारखानदारांनी मिळून वेगाची व विजेच्या दाबाची मापे ठरविली आहेत. डीडीआर ४ चे प्रमाण २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यात विजेचा दाब १.२ व्होल्ट आणि सर्वांत वरचा वेग ३२०० असा आहे. परंतु बाजारात ३६०० किंवा त्याहून अधिक आकडा छापलेल्या पट्ट्याही मिळतात. तो आकडा प्रमाणाबाहेरचा असतो. इंटेल कंपनीने २००७ साली आणलेल्या ‘एक्सएमपी’ या सोयीने तो वेग संगणकाच्या बायॉसमधून सुरू करता येतो, आणि त्यासाठी दाबही बहुधा १.३५ व्होल्टपर्यंत चढवावा लागतो. विजेचा खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १.२ चे १.३५ केले की उष्णता निदान पाव हिश्श्याने वाढलीच; वेगामुळे वाढते ती निराळी. हौशी मंडळी १.५ व्होल्टपर्यंतही जातात. तेथे ती दीडपटीहून अधिक होते.

मग प्रमाणाचा वेग इतका सावध का ठेवलेला असतो? कारखानदार कंजूष आहेत म्हणून नव्हे. पट्टी थंड प्रदेशातही चालावी आणि उन्हाने तापलेल्या पत्र्याखालीही चालावी, म्हणून मध्ये थोडी शिल्लक राखलेली असते. शहाणा शेतकरी सुगीत सगळे धान्य विकीत नाही, पुढच्या टंचाईसाठी कणगी राखतो, तसाच हा प्रकार. जो वेग वाढवितो तो ही राखलेली कणगी उघडतो. थंडीत त्यास काहीच जाणवत नाही, कारण कणगीची गरजच नसते. गरज पडते ती वैशाखात.

सावरगावच्या मुलाचे नेमके हेच झाले असावे, असे आमचे मत आहे. पट्ट्या जुन्या होत्या हा मुख्य दोष नव्हे. त्याने त्यांची परीक्षा डिसेंबरात घेतली आणि काम मे महिन्यात सांगितले. पट्टीवर धातूचे कितीही शोभिवंत आवरण असो, ती भोवतीच्या हवेहून गार होऊ शकत नाही. खोलीत बारा अंश असताना जी पट्टी पस्तीस अंशांवर सुखाने चालली, तीच खोलीत बेचाळीस झाल्यावर पासष्टावर जाते. कारखान्याने सांगितलेली ८५ ची मर्यादा अजून दूर असते हे खरे. पण ती मर्यादा प्रमाणाच्या वेगासाठी आहे. ताणलेल्या वेगावर काही जातींच्या पट्ट्या पन्नास अंशांच्या आसपासच चुकू लागतात, असा या छंदातील लोकांचा अनुभव आहे.

आणि ही चूक मोठी लबाड असते. पंखा बिघडला तर खडखडतो, दिवा गेला तर अंधार होतो. रॅम चुकली तर पुष्कळदा काहीच होत नाही. घरगुती संगणकात ही चूक पकडणारी व्यवस्था सहसा नसते. कार्डातील छायाचित्र आधी रॅममध्ये येते, तेथून डिस्कवर लिहिले जाते. वाटेत एखाद्या माठाने एकाचे शून्य केले तर डिस्क तेच शून्य इमानेइतबारे जतन करते. म्हणून मुलास आमचा पहिला सल्ला रॅमविषयी नाहीच. चित्रे दोन ठिकाणी उतरल्याची आणि उघडत असल्याची खात्री होईपर्यंत मूळ कार्ड पुसू नये. परक्या घरचा मंगल दिवस आपल्या हाती ठेव म्हणून आलेला असतो.

आता पैसे द्यावेत काय? आम्ही म्हणतो, द्यावेत. पण पुढील गोष्टी पाहून.

प्रथम गरज ओळखावी. संगणक सावकाश चालतो तो बहुधा स्मृतीचा वेग कमी म्हणून नव्हे, तर स्मृती अपुरी म्हणून. चार जीबीवर कण्हणारा संगणक सोळा जीबीवर तरतरीत होतो. पण २६६६ चा वेग ३२०० केल्याने छायाचित्रांच्या कामात फरक पडलाच तर थोडाच पडतो. सामान्य घराने साठा विकत घ्यावा, वेगाच्या मागे लागू नये.

दुसरे, जुना माल घ्यावयास हरकत नाही. रॅममध्ये फिरणारे, झिजणारे असे काही नसते. नीट वापरलेली पट्टी वर्षानुवर्षे चालते. त्यातून २०२५ सालच्या उत्तरार्धात नव्या रॅमचे भाव भराभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर जी प्रचंड संगणककेंद्रे उभी राहात आहेत त्यांनी स्मृतीच्या चिपांना मोठी मागणी आणली. त्या वर्षीच्या डिसेंबरात मायक्रॉन कंपनीने तर ‘क्रुशियल’ नावाने सामान्य ग्राहकांस माल विकण्याचा आपला धंदाच बंद करण्याचे जाहीर केले. अशा वेळी गरिबाने जुन्याकडे वळावे यात कमीपणा नाही. मात्र जुन्याची किंमत नव्याच्या जवळपासच असेल, तर बिल व हमी असलेले नवेच घ्यावे.

तिसरे, जात जुळते की नाही ते पाहावे. डीडीआर ३, ४ आणि ५ यांच्या खाचा निरनिराळ्या जागी असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, बळ लावल्यास मदरबोर्ड मात्र तुटतो. लॅपटॉपची पट्टी आखूड, टेबलावरच्या संगणकाची लांब. मोठ्या सर्व्हरमधून काढलेल्या ‘रजिस्टर्ड’ पट्ट्या फार स्वस्त मिळतात व दिसावयास सारख्याच असतात, पण त्या घरगुती संगणकात चालत नाहीत. या मोहाला बळी पडू नये. शक्य तर एकाच जातीची, एकाच मापाची जोडी घ्यावी.

चौथे, आवरणावरच्या चिठ्ठीवर विश्वासून राहू नये. चिठ्ठी बदलता येते आणि चकाकते आवरण हलक्या पट्टीवरही चिकटविता येते. नागपुरात सीताबर्डीला जा किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दुकानदारास विनयाने सांगावे की, आपल्या संगणकावर लावून ‘सीपीयू-झेड’ने ही पट्टी काय सांगते ते दाखवा. जो प्रामाणिक आहे तो रागावणार नाही. आठ दिवसांत परत घेण्याची अट कागदावर लिहून घ्यावी. पांढुर्ण्याहून नागपूर आगगाडीने सुमारे शंभर किलोमीटर. शब्दावर विसंबून पुन्हा पुन्हा फेऱ्या घालणे परवडत नाही.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, घरी आणताच परीक्षा घ्यावी. ‘मेमटेस्ट ८६ प्लस’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून त्यावरून संगणक सुरू करावा. तो प्रत्येक माठात भरून, रिता करून, पुन्हा वाचून पाहतो. आधी प्रमाणाच्या वेगावर एकेक पट्टी, मग दोन्ही एकत्र, निदान चार फेऱ्या. त्यास कित्येक तास लागतात, लागू द्यावेत. एकही चूक निघाली तर पट्टी परत करावी. “एकच तर आहे” असे म्हणू नये. विहिरीच्या पोहऱ्याला एकच भोक असते. वेग वाढवावयाचाच असेल तर तो या परीक्षेनंतर, थोडा थोडा, दर पायरीला पुन्हा परीक्षा घेऊन वाढवावा. आणि ही शेवटची परीक्षा रात्रीच्या गारव्यात न घेता भर दुपारी तीन वाजता घ्यावी. थंडीत घेतली असेल तर उन्हाळा लागताच पुन्हा घ्यावी, अथवा फाल्गुन सरताच वेग प्रमाणावर उतरवून ठेवावा. बायॉसमध्ये एक खूण काढली की काम होते.

आता गार ठेवण्याविषयी. एका पट्टीची उष्णता फार नसते, काही वॅटच. पण तिच्याभोवतीची हवा कोंडली तर तेवढीही पुरते. कॅबिनेटच्या पुढच्या अंगाने हवा आत यावी व मागच्या अंगाने बाहेर पडावी अशी पंख्यांची मांडणी असावी. पट्ट्यांवरून एक मोठा, सावकाश फिरणारा पंखा वारा घालील असा बसविला तर महागड्या आवरणांहून अधिक उपयोग होतो. मदरबोर्डात चार खाचा असल्या तर दोन पट्ट्यांसाठी बहुधा प्रोसेसरकडून मोजता दुसरी व चौथी खाच सांगितलेली असते. तेणेकरून मध्ये वाऱ्यास वाटही राहते. शेतगावात धूळ फार. महिन्यातून एकदा संगणक बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने जाळ्या साफ कराव्यात. पट्टीचे धातूचे आवरण उपटून काढण्याचा प्रयोग करू नये. त्या गोंदाबरोबर चिपाही निघून येतात. डीडीआर ५ च्या पट्ट्यांवर विजेचा दाब सांभाळणारी चिप पट्टीवरच असते व तीही तापते, म्हणून त्यांस वारा अधिक हवा. त्या पट्ट्यांत, आणि डीडीआर ४ च्या काहींत, उष्णता मोजण्याची सोय असते. ‘एचडब्ल्यूइन्फो’ या प्रोग्रामात आकडा दिसतो. वेग वाढविला असेल तर तो पन्नाशीच्या आत राहील असे पाहावे.

आपल्याकडे प्रत्येक घरी कूलर असतो, तेव्हा कोणी तो थेट संगणकावर रोखील. तसे करू नये. कूलरच्या वाऱ्याबरोबर पाण्याचे तुषार उडतात आणि खारट पाण्याचा क्षार पट्टीच्या सोनेरी टोकांवर बसतो. कूलरने खोली गार करावी, संगणक त्याच्या झोतापासून बाजूस व पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवावा. ओले फडके, बर्फ असले उपाय तर मुळीच करू नयेत.

आता माउलीचा दुसरा प्रश्न. त्या जुन्या पट्ट्या विकाव्यात काय? त्या आधी प्रमाणाच्या वेगावर तपासाव्यात. तेथे त्या निर्दोष निघाल्या तर विकण्यास हरकत नाही, पण घेणाऱ्यास स्पष्ट सांगावे की, वाढविलेल्या वेगावर या उन्हाळ्यात चुकल्या होत्या. किंमत कमी येईल, येऊ द्यावी. प्रमाणावरही चुकत असतील तर त्या ई-कचरा घेणाऱ्याच्या हवाली कराव्यात. गप्प राहून विकणे म्हणजे आपल्या घरचे दुःख दुसऱ्याच्या घरी पोहोचविणे होय. त्या घरीही एखाद्या लेकराच्या बाप्तिस्म्याची छायाचित्रे असतील. सातवी आज्ञा केवळ तिजोरी फोडणाऱ्यासाठी नाही. दोष झाकून माल विकणाऱ्यासही ती लागू आहे.

पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी कार्लो आकुतिस या मुलास संत म्हणून घोषित केले. तो २००६ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारला. त्यास संगणकाची फार आवड होती. पवित्र ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती त्याने संगणकावर संकलित करून जगापुढे ठेवली. तरीही संगणकावरील खेळांस त्याने आठवड्यास एकच तास नेमून दिला होता, असे सांगतात. मर्यादा यंत्राला असो वा माणसाला, ती ओळखून वागणाऱ्याची आवड फुकट जात नाही. सावरगावच्या मुलाने यंत्राची मर्यादा ओळखली नाही ही त्याची चूक. पण परक्या घरी जाऊन, मान खाली घालून, खरे बोलून पैसे परत करणारा मुलगा टाकाऊ नव्हे. त्याच्या वडिलांच्या ध्यानी ही गोष्ट आली आहे की नाही, ते पत्रात लिहिलेले नाही.

म्हणून पैसे देताना माउलीने एकच अट घालावी. नव्या पट्ट्यांची परीक्षा बापलेकांनी मिळून घ्यावी. मुलाने पडद्यावर चुका मोजाव्यात आणि वडिलांनी खोलीतील पारा पाहावा. कोणत्या महिन्यात ऊन किती चढते, कोणत्या भिंतीला दुपारी हात लावता येत नाही, हे संत्र्याची बाग राखणाऱ्या माणसास जेवढे ठाऊक असते तेवढे त्या मुलास अजून ठाऊक नाही. परीक्षेला कित्येक तास लागतात हे आम्ही वर सांगितलेच आहे. एवढा वेळ दोघे एका खोलीत बसले तर काही बोलणे निघेलच.